जीसीसीचं सोर्स आर्काइव्ह अर्धवट उघडतंय – काय तपासू?

अर्धविराम: लिनक्सवर जीसीसी १३.२.० (सी, सी++चा कंपायलर) सोर्सवरून बिल्ड करायचं आहे. टार.एक्सझेड फाइल 'टार -एक्सव्हीएफ'ने उघडली की शेवटी 'एरर इज नॉट रिकव्हरेबल: एक्झिटिंग नाऊ' येतं. फोल्डर मात्र तयार होतो, आत कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) हीही दिसतं. तसंच पुढे जाऊ का? डिस्कवर जागा भरपूर आहे.

मूळाक्षर: नका जाऊ. फाइल जिथे तुटली त्यानंतरचं काहीच आत आलेलं नसतं. कॉन्फिगर कदाचित चालेलही, पण मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) मध्येच एखादी फाइल सापडत नाही म्हणून थांबेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

शेवटची ओळ फक्त निकाल सांगते, कारण तिच्या वर असतं. '-एक्सव्हीएफ'मधला व्ही काढून पुन्हा चालवा, म्हणजे फाइलींची यादी न येता फक्त तक्रारी दिसतील. 'अनएक्सपेक्टेड एंड ऑफ इनपुट' असेल तर डाउनलोड अपुरं आहे. 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' आलं तर आर्काइव्हच्या नावाखाली बहुधा एचटीएमएल पान उतरलंय. 'फाइल' कमांड लगेच सांगेल. 'एक्सझेड: कॅनॉट एक्झेक' म्हणजे एक्सझेड इन्स्टॉलच नाही, आर्काइव्हला दोष नको.

अर्धविराम: 'अनएक्सपेक्टेड एंड ऑफ इनपुट'च आहे. पुन्हा पूर्ण उतरवू?

मूळाक्षर: आधी 'डब्ल्यूगेट -सी' करून बघा, राहिलेला भाग जोडला जाईल. मग 'एक्सझेड -टी'ने तपासा. 'कंप्रेस्ड डेटा इज करप्ट' आलं तर बिघाड मधे आहे, तिथे -सी उपयोगाचं नाही. फाइल पुसून नव्याने घ्या. 'एक्सझेड -टी' पास झालं तरी जीसीसीच्या रिलीज डिरेक्टरीतल्या एसएचए५१२.सम फाइलशी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवाच. आणि अर्धवट फोल्डर आधी काढून टाका. त्याच्यावरच पुन्हा उघडलं तर जुनं-नवं मिसळतं, हा घोळ नंतर निस्तरत नाही.

शून्यांश: जागेबद्दल एक. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं आणि 'डीएफ -एच' जागा दाखवत असेल, तर 'डीएफ -आय' बघा. जीसीसीच्या टेस्टसूटमध्ये बारीक फाइलींचा सुळसुळाट आहे, छोट्या पार्टिशनवर आधी आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपतात.

रेघोटी: विंडोजवर एलएलव्हीएमचं (हाही कंपायलरचा प्रकल्प) आर्काइव्ह उघडताना 'कॅनॉट क्रिएट सिमलिंक' येतंय. डाउनलोड नीट आहे, चेकसम जुळतो.

मूळाक्षर: त्यातल्या क्लँग कंपायलरच्या टेस्ट फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) आहेत आणि विंडोजवर साध्या युजरला ते बनवायची परवानगी नसते. डेव्हलपर मोड चालू करा किंवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. टेस्ट चालवायच्या नसतील तर तेवढ्या तक्रारी सोडून दिल्या तरी चालतं. फोल्डर मात्र ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाचा ठेवा. २६० अक्षरांची पाथ-मर्यादा आड येते.

शून्यांश: जीसीसीवाल्यांसाठी आणखी एक, कारण हे पटकन लक्षात येत नाही. 'टार -एम' वापरलं, किंवा उघडलेला फोल्डर वेळा न जपता कॉपी केला, तर टाइमस्टॅम्पचा क्रम बिघडतो. मग तयार फाइली शिळ्या समजून मेक त्या पुन्हा बनवायला बायसन, फ्लेक्स, ऑटोकॉन्फ ही साधनं मागायला लागतं. ती इन्स्टॉल करत सुटू नका. सोर्सच्या मुळाशी जाऊन 'कॉन्ट्रिब/जीसीसी_अपडेट --टच' चालवा.

अर्धविराम: -सीने पूर्ण झाली, चेकसम जुळला, फोल्डर पुसून उघडलं, एकही तक्रार नाही. आता जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी (बिल्डला लागणाऱ्या गणिती लायब्रऱ्या) वेगळे उतरवायचे का?

मूळाक्षर: वेगळे नको, 'कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स' सोर्सच्या मुळाशी उभं राहून चालवा, कॉन्ट्रिबच्या आत शिरून नाही. कॉन्फिगर मात्र बाहेर वेगळा रिकामा फोल्डर करून तिथून.