स्की शिकायला जायचं तर आधी दोन महिने घाम गाळायचा?

डोंगरवेडा
कालपासून एका ताईंची पोस्ट फिरतेय : "गुलमर्गला स्की शिकायला जाताय? आठ आठवडे पायांची तयारी केली नसेल तर जाऊच नका, गुडघा घालवून याल." वाचून डोकं फिरलं. अहो, राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्या, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्या माणसाला बेबी स्लोपची भीती घालताय? आणि तयारीने दुखापत टळत असती तर अमेरिकेची स्की-विजेती लिंडसे वॉन हिची टळली असती. २०१३ साली ऑस्ट्रियात श्लाडमिंगला, जागतिक स्पर्धेत, गुडघ्याचे एसीएल आणि एमसीएल हे दोन्ही अस्थिबंध फाटले. तिच्याहून दणकट पाय कुणाचे? हा सगळा जिमवाल्यांचा धंदा आहे.

सांधेसुधार
वॉन सुपर-जी या सुसाट वेगाच्या शर्यतीत पडली, तुम्ही शिकाऊ उतारावर पडणार. काहीही काय! मी फिजिओ आहे, म्हणजे तुमच्या हिशेबात धंदेवाईकच. तरी सांगतो. गड उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, स्कीवरही तेच होतं. तेवढा तुमचा सह्याद्री कामाचा. पण ट्रेकला घोटा मोकळा असतो. स्कीच्या बुटात तो जखडलेला, खाली लांबलचक पट्टी, त्यामुळे पट्टी अडकली की सगळा पीळ गुडघ्यात. तिथे मांडीच्या मागचा स्नायू एसीएलची राखण करतो आणि ट्रेकर मंडळी नेमकं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आरशासमोर एका पायावर सावकाश पायरी उतरून बघा. गुडघा आत कलतो का? कलत असेल तर गडांची यादी नका सांगू.

पर्वतीकरीण
तुम्ही दोघं पाय घेऊन बसलात. माझा गुडघा पायामुळे नाही, बाइंडिंगमुळे गेला, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड असते ना, तिच्यामुळे. भाड्याच्या दुकानात पोराने फक्त बुटाचा नंबर विचारला. वजन नाही, उंची नाही, वय नाही. ती पकड ठरवणारा स्क्रू होता तिथेच ठेवला. पडले, स्की सुटलीच नाही, पाय तिकडे आणि मी इकडे. वर्षभर जिम केली होती हो मी!

डोंगरवेडा
ऐका! जिम करूनही.

म्युनिककर
@पर्वतीकरीण, बाइंडिंग किती जोर आल्यावर सुटेल तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची धाटणी यांवरून ठरतो. पन्नाशी गाठलेल्याला एक पायरी खाली. विचारलं नाही तर आपण सांगायचं, आणि शहाणपणा म्हणून स्वतःला 'एक्स्पर्ट' म्हणवून घ्यायचं नाही, आकडा वर जातो. पण आकडा बरोबर असला तरी बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवतं. मागे बसल्यासारखं पडताना एसीएल फाटतं, तेव्हा ते बऱ्याचदा सुटतच नाही.

पर्वतीकरीण
म्हणजे चूक माझीच? पैसे आम्ही मोजायचे, तपासायचंही आम्हीच. वा.

म्युनिककर
असं कुठे म्हटलं? आमच्याकडे शरद ऋतूत गावागावांतल्या क्लबांत स्कीगिम्नास्टिकचे, म्हणजे स्कीसाठीच्या व्यायामाचे, वर्ग भरतात, साठीच्या आज्या येतात.

जुना_पैलवान
परदेशातल्या आज्या पुरे. बैठका मारा, सूर्यनमस्कार घाला. आमच्या तालमीत कुणाचा एसीएल फाटल्याचं ऐकलं नाही.

सांधेसुधार
काका, फाटत होते. "गुडघा धरलाय" म्हणून तेल चोळत बसायचे. बैठका चांगल्याच, पण दोन पायांवर सरळ वर-खाली. स्कीवर भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो. आडव्या उड्या मारा, उतरताना गुडघा पंजाच्या रेषेत ठेवा.

जुना_पैलवान
तेलाचं नाव काढू नका! त्याच तेलावर तुमच्या आजोबांचे गुडघे चालले.

पर्वतीकरीण
बाइंडिंगवर कुणी बोलणार आहे का?

नवखी
भांडण मध्येच तोडते, माफ करा. माझी बॅच पंधरा दिवसांवर आली. आठ आठवडे कुठून आणू?

सांधेसुधार
आता जड व्यायाम नको, मांड्या भरलेल्या घेऊन पोचाल. रोज एका पायाची पायरी, भिंतीला टेकून बैठक, थोडं चालणं. गुलमर्ग २६०० मीटरच्या वर आहे, पहिल्या दिवशी धाप लागेल. त्यात उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवर सोडेपर्यंत स्की घालून खेकड्यासारखं आडवं चढायचं. मांड्या थरथरल्या की त्या दिवसापुरतं थांबा, "एक शेवटची फेरी" नको. हात कायम पुढे. मागे पडायला लागलात तर उठायची धडपड करू नका, घसरणं थांबू दे. पडताना काठी सोडा, नाहीतर अंगठ्याचा अस्थिबंध जातो.

डोंगरवेडा
बघा, पंधरा दिवसांतही जमतंय. मग आठ आठवड्यांची दमदाटी कशाला?

सांधेसुधार
पंधरा दिवसांत जमतं असं मी कुठे म्हटलं? काहीच नसण्यापेक्षा बरं. तुम्ही पायरी उतरून बघितली का?

डोंगरवेडा
बघितली. डावा जरा आत जातो. गड चढून तो तसाच आहे, स्कीचा काय संबंध?

पर्वतीकरीण
नवखी, दुकानात वजन खरं सांग. आणि स्क्रू फिरवताना समोर उभी राहा.