मदत हवी आहे: 'द सर्चर्स'मधला सूड नक्की कुठे संपतो?

परवा जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) हा वेस्टर्न सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला आणि शेवटाशी येऊन पुन्हा अडकलो. ज्यांनी पाहिलाय त्यांनी जरा समजावून सांगा. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवट फोडलाय.)

ईथन एडवर्ड्स, म्हणजे जॉन वेन, भावाच्या कुटुंबाची कत्तल करणाऱ्या कोमांची (अमेरिकेतली एक आदिवासी जमात) सरदार स्कारच्या मागे वर्षानुवर्षं फिरतो. पण स्कारला गोळी घालतो मार्टिन, म्हणजे त्याच भावाच्या घरात वाढलेला, शोधात ईथनसोबत फिरणारा तरुण, तीही तंबूत, झटक्यात. ईथन पोचतो तेव्हा समोर फक्त प्रेत. तो त्याच्या डोक्याची कातडी कापतो, बस्स. म्हणजे ज्याचा सूड, त्याच्या हातून तो निसटलाच ना? हे फोर्डने मुद्दाम केलंय असं मला वाटतं.

खरी अडचण पुढे. कोमांचींनी लहानपणी पळवून नेलेल्या आणि त्यांच्यातच वाढलेल्या पुतणीला, डेबीला, मारायलाच हा निघालेला. आधी एकदा पिस्तूल रोखतो, तेव्हा मार्टिन मध्ये उभा राहतो. आणि शेवटी घोड्यावरून पाठलाग करून तिला गाठतो, उचलतो आणि म्हणतो, 'चल डेबी, घरी जाऊ.' सुरुवातीला त्याने लहानग्या डेबीला असंच उचललं होतं, ते लक्षात आलं. पण एवढ्यावर इतका द्वेष विरघळतो? की प्रेताची विटंबना केल्यावर आतलं विष उतरलं? ॲलन लमेच्या मूळ कादंबरीत तर ईथनचं पात्र शेवटी मारलं जातं.

आणि मग सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात ईथन दाराबाहेरच का राहतो?