खरा घात व्होल्टेजचा

ओव्हरक्लॉक केलं (म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवला) की त्याचं आयुष्य निम्मं होतं असं काही जण म्हणतात, पण ते सरसकट पटत नाही. नुसता क्लॉक (वेग) वाढवला तर बहुतेक वेळा मशीन हँग होईल इतकंच. चिप झिजवतात ते जास्तीचं व्होल्टेज आणि उष्णता. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरचंच बघा ना, ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, त्यामुळे ओव्हरक्लॉकला हातही न लावलेल्या लोकांचे गेम धडाधड क्रॅश व्हायला लागले. २०२४मध्ये कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) अपडेट देऊन प्रोसेसरची मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाणार नाही असं केलं, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेली चिप मात्र अपडेटने सुधारत नाही.

त्यामुळे मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) वाढवायचाय तर खुशाल वाढवा, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. बरेच मदरबोर्ड तिथे सढळ हाताने व्होल्टेज ओततात. मी माझ्या मशीनला उलट अंडरव्होल्टच करतो, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी व्होल्टेज देतो. मे महिन्यात पंख्यांचा घोंघाट तरी कमी!