मुलाला गळ शिकवायचा आहे. वाघुरीचे काय सांगावे?

कादवाकाठ :

नमस्कार. माझे बालपण निफाडला गेले आणि गेली २२ वर्षे मी नाशिक शहरात राहतो. आमच्या घरी शेतीची अवजारे ठेवायच्या खोलीत दोन जाळी टांगलेली असत; एक कादवेत फेकायचे, ज्याला आम्ही पाग म्हणत असू, आणि दुसरे सशांसाठीचे, म्हणजे वाघूर. वडील, थोरले काका आणि आम्ही चार चुलतभाऊ यांचा रविवार बहुधा यांपैकी एकाबरोबर जात असे.

नदीवर वडील फारसे बोलत नसत. वेळूची काठी, तंगूस, गळाला गांडूळ आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचा तुकडा एवढ्या सामानावर दुपार निघून जायची. ताट थरथरले तर थांबायचे आणि सरळ आत ओढले गेले तरच झटका द्यायचा, हे मला सांगून नव्हे तर चुकून चुकून कळले. सशांचा प्रकार वेगळा होता. बाजरी निघाल्यावर थंडीत पहाटे बांधाच्या कडेने वाघूर लावायची आणि दुसऱ्या टोकाने आरडाओरडा करत, काठ्या आपटत यायचे. मी नऊ वर्षांचा असताना काकांनी जाळ्याचे एक टोक माझ्या हातात दिले. त्यात अडकलेला ससा लहान मुलासारखा ओरडतो, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री मी ताटातल्या मटणाला नाही म्हटले नाही, हेही इथे लिहिले पाहिजे.

आता माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि त्याला मासे धरायला शिकायचे आहे. निफाड परिसरात किंवा शहराजवळ हौसेने गळ टाकायला आज कुठे हरकत नसते? आणि दुसरा प्रश्न असा की माळ्यावर ठेवलेली ती वाघूर त्याने पाहिली आहे. त्या शिकारीबद्दल त्याला कौतुकाने सांगावे, की सांगूच नये?

सायखेड्याचा भोई :

आमची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला जाऊ नका. ते १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर असून त्यात गावे आणि शेतेही येतात. म्हणून पाणी संपले की हद्द संपली असे समजू नका, आधी वन विभागाला विचारा. इतर धरणे आणि तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यातले रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज संस्थेने पैसे घालून सोडलेले असते, त्यामुळे न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यातले द्राक्षाचे घड तोडण्यासारखेच आहे. संस्थेच्या माणसाला भेटा, रीतसर विचारा. मुलाला शिकवायचे आहे म्हटल्यावर सहसा कोणी तोडून बोलत नाही.

सुरुवातीला सगळ्यांत सोयीचे म्हणजे नातेवाइकाचे मासे सोडलेले शेततळे. मात्र प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही, आणि पोहता येणारा माणूसही त्यावरून वर येऊ शकत नाही. गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडलेला असल्याशिवाय मुलाला तिथे नेऊ नका.

दोन गोष्टी मात्र त्याला पहिल्याच दिवशी शिकवा. पाण्याच्या वरच्या थरात तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर खाली मरळ राखणीला असते. ती त्या वेळी कशावरही तुटून पडते, म्हणून तिला धरणे सोपे असते आणि म्हणूनच धरायचे नसते. दुसरे म्हणजे पहिल्या पुरात चढणीला येणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात. आमच्याच लोकांनी ते पाट्या भरभरून धरले, मीही धरले. आता गळाला मरळ क्वचित लागते आणि चिलापी मात्र हवी तेवढी मिळते. याला नदीचे पाणी आणि पानवेली कारण आहेतच, पण आमचा हातही त्यात आहे.

माळरान :

मी येवल्याकडचा असून माझ्या वडिलांकडेही वाघूर होती, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार घेतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्यांची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. आपल्या वडिलांनी परवाना कधी पाहिलाही नसणार, म्हणजे आपण ज्याला रविवारची मजा म्हणतो ते तेव्हाही कायद्याबाहेरच होते. ससा आणि तित्तर आजही संरक्षित आहेत, आणि कायद्याने फासा किंवा जाळे लावण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. म्हणून ‘कसे लावतात ते दाखवतो’ म्हणून देखील ती वाघूर रानात नेऊ नका.

पण सांगूच नये, हे मला पटत नाही. माझ्या वडिलांना सशाची वाट, त्याची लेंडी, तो कुठल्या झुडपाखाली दबून बसला असेल हे सगळे कळत असे, आणि ते ज्ञान त्यांना शिकारीनेच दिले. मी त्यांच्याबरोबर फिरलो म्हणूनच आज ममदापूरच्या माळावर काळविटांचा कळप वाऱ्याच्या कुठल्या बाजूने पाहावा हे मला समजते. मुलाला आपण सशाच्या ओरडण्यासकट सांगा. कौतुक आणि शरम यांपैकी एकच निवडले तर गोष्ट खोटी होईल.

ओझरची लेक :

इथपर्यंत सगळे वाचले आणि एक गोष्ट खटकली. वडील, काका, चार चुलतभाऊ. मग घरातल्या मुली रविवारी कुठे असत? मी सांगते. आम्ही चुलीजवळ राखेची पाटी घेऊन बसत असू, कारण वाम आणि मरळ बुळबुळीत असतात आणि राख चोळल्याशिवाय हातात ठरत नाहीत. मासा पोटात अंडी घेऊन आला आहे हे घरात पहिल्यांदा आम्हाला दिसत असे, आणि ‘या दिवसांत आणू नका’ असे माझी आजी दर पावसाळ्यात म्हणत असे. तिचे कोणी ऐकले नाही, पण काळ्या मसाल्याच्या कालवणाचे कौतुक मात्र सगळ्यांनी केले.

मासे धरणेही आम्हाला येत होते. दुपारी भांडी घासायला ओढ्यावर गेल्यावर दोघींनी जुन्या लुगड्याची टोके धरायची, तिसरीने वरून पाणी ढवळत यायचे, की झिंगे आणि बारीक मासे मिळत. त्याला कोणी शिकार म्हटले नाही. आपण मुलाला शिकवणार आहात ते चांगलेच आहे. घरात मुलगी असेल तर तिलाही न्या आणि स्वच्छ करण्याचे काम मुलालाही द्या.

कादवाकाठ :

सर्वांचे आभार. मामांच्या शेततळ्यावर दोर बांधून घेतला आणि गेल्या रविवारी गेलो. दोन तासांत तळहाताएवढी एकच चिलापी लागली. ती मुलाने राख चोळून स्वतः साफ केली आणि बोटाला काटा टोचून घेतला. परतीच्या वाटेवर त्याला वाघुरीची गोष्ट सांगितली. त्याने फक्त एवढेच विचारले की जाळ्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात होते. ते वडिलांच्या हातात होते.

ओझरच्या ताईंचे वाचून मी माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. लुगड्याने झिंगे ती आणि काकू दर उन्हाळ्यात धरत असत, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. येत्या रविवारी ती येणार आहे, आणि तिचा गळ मी बांधलेला तिला चालणार नाही असे तिने आधीच कळवले आहे.