14 एप्रिल 1944: स्फोटाआधीचे दोन तास

सई_माझगाव:
दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू झाला की ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचं नाव निघतं. मला त्या जहाजावरच्या स्फोटाआधीच्या दोन तासांबद्दल विचारायचंय. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत धूर दिसला दुपारी दोनच्या सुमारास, पहिला स्फोट झाला 4 वाजून 6 मिनिटांनी. मग बंबवाल्यांना आत काय आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं का?

जुना_बंबवाला:
सांगितलं होतं, सई. लोक इथेच चुकतात. मी अग्निशमन दलातून निवृत्त झालोय, आणि आम्हाला प्रशिक्षणात जहाजाच्या आगीचा धडा ह्याच घटनेवरून दिला गेला.

जहाजात सुमारे 1400 टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. वर कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या, लाकूड, तेलाची पिंपं. कापूस आणि स्फोटकं दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या माल ठेवायच्या कप्प्यात, एकत्र! दाबून बांधलेली गासडी एकदा पेटली की आतल्या आत धुमसते, वरून मारलेलं पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. शेकडो टन पाणी ओतलं तरी आगीचं मूळ हाती लागेना. जहाजाचा पत्रा बाहेरून तापून लाल व्हायला लागला.

जहाज बुडवावं, बाहेर न्यावं की पाणी मारत राहावं, यावर तिथल्या अधिकाऱ्यांचं एकमत होईना. शेवटचा शब्द कुणाचा, हेच ठरलं नाही. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. स्फोटकांच्या जहाजावर लाल बावटा हवा, तोही नव्हता. म्हणजे शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांना आणि धक्क्यावरच्या हमालांना सावध करणारं काही नव्हतं. आमच्या अधिकाऱ्यांना मात्र स्फोटकांची कल्पना होती, तरी पाण्याचा मारा चालू राहिला. दलाची 66 माणसं गेली.

मांडवीकर:
काका, पुढचंही सांगा ना. आमच्या भागात आग कशी पोचली?

जुना_बंबवाला:
जळता कापूस आणि तापलेलं लोखंड उडून मांडवी, मस्जिद बंदरकडे पडलं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, तो अजून मोठा. धान्याची गोदामं, वखारी, चाळी पेटत गेल्या. ‘जलपद्म’ नावाचं जहाज उचललं जाऊन धक्क्यावर आपटलं. सुमारे 80,000 लोक बेघर झाले. मृतांचा आकडा 800 ते 1300 असा वेगवेगळा दिला जातो. गोदीत रोजंदारीवर आलेल्या माणसांची नीट नोंद कोण ठेवणार होतं? त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, त्या हमालांबद्दल कुणी विचारत नाही.

सई_माझगाव:
वर्तमानपत्रांत लगेच आलं नव्हतं का?

जुना_बंबवाला:
युद्धाचा काळ, सेन्सॉरने बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्या दिवशी सांगितली, इथे अधिकृतपणे छापू दिली ती मे महिन्यात. गोदी साफ करून पुन्हा चालू करायला सहा-सात महिने लागले.

भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात 14 एप्रिलला त्या जवानांना मानवंदना देतात. मी जातो. तुम्ही दोघंही या.