सैनिक स्कूल सातारा, 2000 ची बॅच : स्मरणिकेत एकेका वर्गमित्रावर काय लिहू?

अजिंक्यतारा_2000
नमस्कार मंडळी. आमची सैनिक स्कूल सातारची बॅच 1993 ला सहावीत आली आणि 2000 ला बारावी करून बाहेर पडली. पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतोय आणि प्रत्येकावर चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पहिला खर्डा झाला, रात्री वाचायला घेतला तर नुसता नोकरीचा तक्ता. हा एनडीए (खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी), मग आयएमए (डेहराडूनची अकादमी), 2004 ला कमिशन म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, आता कर्नल. तो इंजिनिअर, पुण्यात फ्लॅट, दोन मुलं. कोणी वीस वर्षं सर्व्हिस करून पेन्शन घेऊन गावी शेती बघतोय. सगळं खरं आहे, पण यातलं मी काहीच पाहिलेलं नाही, हे मला व्हॉट्सॲपवर कळलेलं आहे.

मी पाहिलेलं वेगळंच आहे. सहावीत येऊन आम्हाला तीन-चार महिने झाले असतील नसतील, 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माझ्या शेजारच्या पलंगावरचा मुलगा औसा तालुक्यातला. गावाकडे फोन लागत नव्हता, पेपरात येणारे आकडे रोज वाढत होते, आणि हा रडला नाही की काही बोलला नाही, फक्त ट्रंक उघडायचा, आईने दिलेली चादर काढायचा, घडी मोडायचा, परत घालायचा, परत ठेवायचा. वर्गातून आला की परत तेच. चौथ्या दिवशी वडील एसटीने आले. घर पडलं होतं, माणसं वाचली होती. त्याने वडिलांना पहिलं विचारलं ते म्हशीचं, आणि ती गेली म्हटल्यावर मग रडला. आम्ही सगळी डॉर्म गप्प उभी. आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे आणि खर्ड्यात मी त्याच्या नावापुढे फक्त हुद्दा लिहिलाय, हे मला फार खटकतंय.

तर तुम्ही कोणी असं काही काढलं असेल तर सांगा. असलं खाजगी लिहावं का? आणि जो मित्र आता नाही त्याच्याबद्दल, आणि जे दहावीनंतर शाळा सोडून गेले त्यांच्याबद्दल काय करायचं?

जुना_ओबी_88
भावा, मी तुझ्या बारा वर्षं आधीचा, त्याच शाळेचा. आम्ही पंचविशीला हे केलंय. एकाच माणसाने सगळ्यांवर लिहायचं हेच चुकतं, कारण सात वर्षांत तू सगळ्यांच्या शेजारी झोपलेला नसतोस. ज्याचा पलंग शेजारी होता त्याला लिहायला लाव. प्रेपमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या ठरलेल्या तासाला, कोण कुणाच्या बाकावर बसायचं, मेसमध्ये कोण कुणाला स्वतःची भाजी सरकवायचं, हे त्यालाच माहीत असतं.

एक उदाहरण देतो. आमच्यातले निम्मे मराठी शाळेतून आलेले आणि इथे सगळं इंग्रजीत. माझ्या शेजारचा रोज डिक्शनरीतले पाच शब्द तळहातावर पेनाने लिहायचा आणि लाइट्स आऊट झाल्यावर अंधारात पुटपुटत बसायचा, मला झोप यायची नाही म्हणून मी चिडायचो, पण दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की ते शब्द मलाही पाठ झालेत. पुढे भोपाळला एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, ग्रुप डिस्कशनला मी जे बोललो ते त्याचे शब्द होते. त्याचं स्वतःचं काय झालं, तर लेखी परीक्षा पास, एसएसबीचे पाचही दिवस पार करून शिफारस, आणि मेडिकलला रंग ओळखण्यात अडकला. सहावीपासून ज्या एका गोष्टीसाठी राबला ती ठिपक्यांच्या एका पुस्तकावर गेली. परत आला तेव्हा पावसाळा होता, सातारचा पाऊस तुला माहितीये, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, ओल्या पँट्स गादीखाली घालून झोपायचो आम्ही. त्याने सामान आवरायच्या आधी माझा एनडीएला जायचा युनिफॉर्म मेसच्या चुलीजवळ धरून वाळवला. आमच्या स्मरणिकेत मी एवढंच लिहिलंय त्याच्याबद्दल. तो आता कोल्हापूरकडे शिक्षक आहे, ते शेवटच्या ओळीत.

आणि खाजगी लिहायचं असेल तर त्याला एकदा फोन करून विचार. नाही म्हणाला तर लिहू नकोस, पण हुद्दाही लिहू नकोस.

नांदेडची_आई
मी इथे फक्त वाचत असते, आज राहवलं नाही म्हणून लिहिते. माझा मुलगाही अशाच एका निवासी शाळेत होता. तो आता नाही, बारावीनंतर सहा वर्षांनी अपघातात गेला. त्याची अंतर्देशीय पत्रं माझ्याकडे आहेत, पण त्यात काय असायचं, मी मजेत आहे, अभ्यास चालू आहे, तेलाची बाटली संपली. मुलं आईला काळजी नको म्हणून काही लिहीत नाहीत.

त्याचे मित्र घरी येतात, तो हुशार होता, शूर होता म्हणतात. बरं वाटतं, पण माझ्या हाताला काही लागत नाही. एकदा एक मुलगा आला आणि सहज बोलून गेला, काकू, रविवारी ज्यांचे आईवडील भेटायला यायचे नाहीत त्यांना तो मैदानाच्या मागे नेऊन तुमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटायचा, आणि तुम्हाला कमी पडली असं वाटू नये म्हणून डब्यात दोन दशम्या मुद्दाम शिल्लक ठेवायचा. मी तेवढी वर्षं समजत होते की त्याला दशम्या आवडत नाहीत म्हणून उरतात. बाळा, तुझ्या त्या मित्रावर असं काहीतरी लिही, आणि त्याच्या आईला छापायच्या आधी वाचून दाखव. फोनवर नको, घरी जाऊन.

नववी_ब
मी त्या मधेच सोडून गेलेल्यांपैकी एक. शाळा दुसरी, नाव घेत नाही. नववीत असताना वडील वारले, घरी परत यावं लागलं, दहावी-बारावी गावातच केली. चार वर्षं त्या पोरांबरोबर एका खोलीत झोपलो, गालगुंड झाले तेव्हा सिकरूममध्ये आम्ही सहा जण एकत्र होतो, पोहायला तिथेच शिकलो. पण ग्रुप झाला तो बारावी पास झालेल्यांचा. ग्रुप फोटो बारावीचा, यादी बारावीची. मला कोणी काढलं नाही, कुणाला आठवलंच नाही एवढंच. मी एकाला मेसेज केला तर म्हणाला अरे तू आमच्या बॅचला होतास का. त्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या पेंटने त्याचं नाव मी लिहून दिलं होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून वर्गातल्या बऱ्याच ट्रंका मीच लिहिल्या होत्या.

सहावीची हजेरी मिळाली तर त्यावरून यादी करा. बारावीच्या फोटोवरून करू नका प्लीज.

धनिणीची_बाग
मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठा, सातारचाच, पण रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगमधला. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र, 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस नाव मिळालं. पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आम्हाला आल्या दिवशी सांगितलं जायचं. ते नुसतं सांगणं नव्हतं, रोज संध्याकाळी एका पंगतीत बसून आपण कुणाच्या शेजारी जेवतोय हे कळत होतं.

आमच्याकडे स्मरणिका बिमरणिका काही झाली नाही. मी एका वहीत लिहून ठेवलंय, नाव, गाव आणि त्याचं काम. कारण आमच्यात प्रत्येकाकडे काम असायचं. हा पाणी भरायचा, तो भाकरी थापायचा, हा वाफे खणायचा. म्हणून मला माणूस आठवतो तो त्याच्या हातांसकट. खटाव तालुक्यातला एक होता, त्याच्यासारखी पातळ भाकरी अजून कुठल्या बाईला जमलेली मी बघितली नाही. तो पुढे मोठा अधिकारी झाला, वारला त्याला आता बरीच वर्षं झाली. वहीत त्याच्या नावापुढे भाकरीच लिहिलेली आहे.

अजिंक्यतारा_2000
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकू, तुमचं लिहिणं मी घरात मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच थांबलो. आमच्या मित्राची आई सोलापूरला असते, दिवाळीच्या आत दोघंजण जाऊन येतो.

नववी_ब, सहावीची यादी शोधायला घेतली. बारावीच्या फोटोत नसलेले अकरा जण आत्तापर्यंत आठवलेत, त्यातल्या चौघांचे नंबर मिळाले. एकजण जालन्याजवळ गॅरेज चालवतो. फोन केला तर नाव सांगायच्या आधीच त्याने माझा रोल नंबर सांगितला.

औशाच्या मित्रालाही फोन केला, चादरीचं लिहू का विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला लिही, आणि म्हशीचं नाव चंद्री होतं, तेही घाल.