रॅप गातात, करतात की म्हणतात?

परवा सकाळी डबे भरताना रेडिओ चालू होता. निवेदिका म्हणाली, "आता ऐकूया मुंबईच्या एका मुलानं गायलेलं रॅप." ते 'गायलेलं' कानाला खटकलं. भाची म्हणाली, "मावशी, रॅप कोणी गातं का? रॅप करतात." तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. पोवाडा गातात, भारूड करतात, श्लोक म्हणतात. मग रॅपला कोणतं क्रियापद लावायचं? आणि तो रॅप की ते रॅप?

माझं मत 'म्हणणे'ला आहे. आपलं 'म्हणणे' फार मोठ्या पोटाचं आहे. आपण पाढे म्हणतो, आरती म्हणतो, अंगाई म्हणतो, पाहुणे आले की पोराला "एक गाणं म्हणून दाखव" असंही सांगतो. बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं, याची चौकशी हे क्रियापद करत नाही. रॅप नेमकं त्याच मधल्या जागेत उभं असतं. सुराची फारशी गरज नाही, पण शब्द ठेक्यावर पडला नाही तर सगळं कोसळतं. मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ टकटक करणे, ठोकणे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत तो बोलणे, गप्पा मारणे या अर्थानं रुळलेला होता, आणि तबकड्यांवरचं रॅप त्यानंतर आलं. म्हणजे बोलणं या शब्दात आधीपासूनच आहे.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या स्लो लोकलमध्ये कुर्ल्याला तीन मुलं चढली. एक दाराजवळच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरत होता, दुसरा घाईघाईनं काहीतरी पुटपुटत होता. समोरच्या आजोबांनी विचारलं, "काय म्हणतोयस रे?" मुलगा दचकून थांबला. "रॅप म्हणतोय, आजोबा." आजोबा जरा पुढं सरकले आणि म्हणाले, "मग जरा सावकाश म्हण, मला ऐकू दे." त्यानं पहिल्यापासून म्हटलं. नळाला पाणी येण्याची वेळ आणि आईच्या कामाची पाळी यांचं यमक त्यानं असं काही जुळवलं होतं की विद्याविहार कधी गेलं ते मला कळलं नाही.

रेडिओवर मात्र रॅप म्हणजे सिनेमाच्या गाण्यात मधेच येणाऱ्या आठ ओळी. "या गाण्यात रॅप आहे" हे वाक्य "या भाजीत शेंगदाणे आहेत" अशा थाटात येतं. पूर्ण रॅप क्वचितच लागतं. लागलं तरी दुसऱ्या कडव्यावर निवेदकाची बडबड सुरू होते. अहो, रॅपचा जीव कडव्यात असतो! झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी' ठेवलं आणि शाहिराला कापलं, तर पोवाडा उरेल का? शुगरहिल गँग या अमेरिकी गटाची १९७९ ची 'रॅपर्स डिलाइट' ही रॅपची तबकडी चौदा मिनिटांहून लांब होती आणि तिच्याही छोट्या आवृत्त्या काढल्या गेल्या. हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

प्रतिसाद

ताई, धारावी-सायनकडच्या पोरांच्या तोंडी मी 'म्हणणे' फारसं ऐकलेलं नाही. "मी रॅप करतो" किंवा "वर्स टाक ना" असंच ऐकू येतं. सेव्हन बंटायझ या धारावीच्या गटाच्या नावातला 'बंटाय' म्हणजे आपल्यातला भारी माणूस, आणि तो शब्दही असाच रस्त्यावरचा. वर्स म्हणजे कडवं, आणि ते 'बार'मध्ये मोजतात. 'बार' म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन. सोळा बार झाले की साधारण एक कडवं होतं. आणखी एक: रेडिओवर 'गली रॅप' म्हणतात ते मला सहन होत नाही. आपल्याकडं दोन ल असलेली 'गल्ली' आहे, गल्लीबोळ आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्येही (gully) दोन एल आहेत. मग मराठी निवेदकांनी एक का गाळावा? लिंगाचं म्हणाल तर आमच्याकडं 'तो रॅप'.

प्रतिसाद

'डीजे'चं काय झालंय बघा. आपल्याकडं डीजे म्हणजे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती: "डीजे लावला", "डीजे बंद करा". पण मुळात तो माणूस. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवणारा कूल हर्क हा डीजे. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा दोन तबकड्यांवरून लांबवत न्यायची पद्धत त्यानंच रूढ केली. 'डिस्क जॉकी' हा शब्द तर रेडिओवरूनच आलेला. आणि एमसी म्हणजे सूत्रसंचालक, डीजे वाजवत असताना माइकवरून लोकांना हाक देणारा. त्या हाकांच्याच पुढं ओळी झाल्या. म्हणजे तुमची निवेदिका आणि तो रॅपर एकाच घरातले!

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

हे शेवटचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, फार आवडलं. 'करणे'चंही पटलं. बुवा कीर्तन करतात आणि त्यात अभंग म्हणतात, तसंच हे. तो रॅप करतो, हा त्याचा उद्योग झाला. आत्ता, या क्षणी, माइक हातात घेऊन तो रॅप म्हणतो. 'गाणे'ही वेगळं राहू दे, त्याचा उपयोग आहे. स्वदेशी या मुंबईच्या गटानं आरेच्या जंगलासाठी, वारल्यांच्या बाजूनं केलेलं गाणं ऐका. आरेतले आदिवासी प्रकाश भोईर त्यात गातात आणि गटातली मुलं रॅप म्हणतात. दोन्ही क्रियापदं शेजारीशेजारी, एकमेकांना धक्का न लावता.

लिंगाबाबत मी 'ते' सोडणार नाही, कारण माझ्या मनात ते गाण्याशेजारी बसलंय. भाची 'तो' म्हणते, तिला म्हणू दे. पण 'फ्लो'ला, म्हणजे ठेक्यावर शब्द बसवत नेण्याच्या ढबीला, काय म्हणायचं? 'ओघ' पुस्तकी वाटतो, 'लय' अपुरी पडते. त्या लोकलमधला मुलगा दुसऱ्याला म्हणाला होता, "तुझी पकड सुटली." मला तरी 'पकड' हाच शब्द जवळचा वाटतोय. तुम्ही काय वापरता?